चंद्र एक, पंचांगे दोन

सण समीप आला की जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका भरतात. अधिकारी आवाहन करतात, उभय समाजांतील प्रतिष्ठित मंडळी माना डोलावतात, चहा होतो, आणि दुसऱ्या दिवशी बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडल्याचे वृत्त छापून येते. या बैठकांचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी अनेक कठीण प्रसंग निभावून नेले आहेत. परंतु तेथे चर्चा होते ती मिरवणुकीच्या मार्गाची, वेळेची आणि ध्वनिक्षेपकाची. सण याच दिवशी का आला, त्याचे प्रयोजन काय, त्या दिवशी शेजारच्या घरात पहाटेपासून काय चाललेले असते, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारीत नाही आणि बाहेरही सहसा विचारला जात नाही.

शेजाऱ्याने न विचारलेली गोष्ट कधी कधी परका प्रवासी विचारून जातो. म्हणून रमजान आणि ईद यांच्या निमित्ताने आम्ही अशाच एका प्रवाशास साक्षीला बोलावीत आहोत. कीर्तनात आधी सिद्धान्त मांडावा आणि मग आख्यान लावावे, अशी रीत आहे. येथे आम्ही क्रम उलटा करतो. आधी आख्यान ऐकावे, सिद्धान्त मागाहून येईल.

मोरोक्को देशातील तंजा, म्हणजे टॅंजियर, या नगरात १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मक्केच्या यात्रेसाठी एकटाच घराबाहेर पडला. ट्युनिस नगरीत तो पोहोचला तेव्हा त्याच्या तांड्यातील इतरांना भेटावयास त्यांचे आप्तेष्ट आले. याची विचारपूस करावयास कोणीही आले नाही. तेव्हा आपल्याला रडू आवरले नाही, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. एका सहयात्रेकरूने ते ओळखले आणि त्याच्याशी बोलून त्याचे सांत्वन केले. त्याच ट्युनिसमध्ये त्या वर्षीची रमजान ईद त्याला लागली आणि नगराबाहेरच्या ईदगाहात जमलेल्या समुदायात तो नमाजाला उभा राहिला. घरदार सोडल्यानंतरची ती त्याची पहिली ईद होय. माहेर दुरावलेल्या सासुरवाशिणीस आखाजीच्या दिवशी जे वाटते, ते त्या तरुणास तेथे वाटले असेल, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे इजिप्त देशातील इब्यार नावाच्या गावी त्याने चंद्रदर्शनाचा सोहळा पाहिला. रमजानच्या आदल्या महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी गावातील विद्वान आणि प्रतिष्ठित नागरिक काजीच्या घरी जमत. मग सर्वजण वाहनांवर बसून गावाबाहेरच्या एका उंचवट्यावर जात. मागोमाग बायकामुलांसह सारा गाव निघे. तेथे गालिचे अंथरलेले असत. सूर्यास्तानंतर चंद्रकोरीचा शोध घेऊन मंडळी परतत ती मेणबत्त्या, मशाली आणि कंदील घेऊन, आणि वाटेवरचे दुकानदारही आपापल्या दुकानांत दिवे लावीत. दमास्कस नगरीत १३२६ सालच्या रमजानात तो होता. त्या नगरीची एक रीत त्याला विशेष भावली. तेथे कोणीही एकट्याने रोजा सोडीत नसे. सरदार आणि काजी आपल्या मित्रांना व फकिरांना बोलावीत. व्यापारीही तसेच करीत. आणि गोरगरीब कोणा एकाच्या घरी वा मशिदीत जमून, ज्याच्याजवळ जे असेल ते आणून, सर्वजण मिळून खात. आपल्या पंगतीची आणि गोपाळकाल्याची आठवण व्हावी, अशीच ही रीत आहे.

हा प्रवासी १३३३ साली सिंधू नदीपाशी पोहोचला, दिल्लीस सुलतान महंमद तुघलकाच्या दरबारी काजी झाला, आणि १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता दौलताबादेवरून आपल्या खानदेशात उतरला. दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे त्याने टिपले. तेथील गायकांची पेठही त्याने वर्णिली आहे. तिचे नाव 'तरबाबाद'. अरबीतील 'तरब' म्हणजे गाण्याने मनास होणारी उत्कट अवस्था. तेथील दुकानांत गालिचे अंथरलेले असत, मध्यभागी मोठा पाळणा टांगलेला असे आणि त्यात अलंकार ल्यालेली गायिका बसलेली असे. मात्र त्याच पेठेत मशिदीही होत्या आणि रमजानात तेथे इमाम तरावीहचा नमाज, म्हणजे त्या महिन्यातील रात्रीची विशेष प्रार्थना, पढवीत असत. पाळण्यात बसलेली गायिका आणि रमजानची प्रार्थना एकाच पेठेत नांदत होत्या, हे या परदेशी धर्मशास्त्र्याने नाक न मुरडता लिहून ठेवले आहे.

तेथून तो नंदुरबारला आला. १९९८ सालापर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले हेच आपले नंदुरबार. त्याच्या लेखी हे मराठ्यांची वस्ती असलेले लहानसे नगर. येथील लोक कारागिरीत निपुण, वैद्यकात आणि ज्योतिषात प्रवीण. त्यांचे अन्न म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचे तेल. प्राण्यांस पीडा देणे त्यांना रुचत नाही. मद्याला ते शिवत नाहीत. सात पिढ्यांचे अंतर असल्यावाचून नात्यात विवाह करीत नाहीत. हे वर्णन मुख्यतः ब्राह्मण आणि क्षत्रिय यांच्याविषयीचे आहे. सर्व मराठी समाजास ते लागू नाही, हे उघड आहे. परंतु आमचे लक्ष वेधले ते एका बारीक नोंदीने. भोजनापूर्वी हे लोक स्नान करतात, हे सांगताना त्याने त्या स्नानाची तुलना आपल्या धर्मातील शुद्धिस्नानाशी केली आहे. परक्याचा आचार समजावा म्हणून त्याने आपल्याच घरातील शब्द शोधला. समजून घेण्याची सुरुवात तेथून होते.

या प्रवाशास आम्ही संतपदी बसवीत नाही. मूर्तिपूजकांविषयी त्याने जागोजागी हीन शब्द वापरले आहेत, आणि ज्या सुलतानाचे अन्न त्याने खाल्ले त्याने दिल्लीतील प्रजेस बळाने दौलताबादेस हलविले होते. त्याची दृष्टी त्याच्या काळाची आणि त्याच्या पदाची होती. तरीही तो विचारीत होता, पाहत होता आणि १३५५ साली पूर्ण झालेल्या प्रवासग्रंथात लिहवून ठेवीत होता. भिंतीला भिंत लावून राहणारे आपण एवढे तरी करतो काय?

सहरी म्हणजे काय, हे जुन्या जळगावातील किती हिंदू मुलांस ठाऊक आहे? आखाजीला घागर का भरतात, हे धुळ्यातील यंत्रमागांच्या वस्तीत किती मुसलमान मुलांस ठाऊक आहे? इब्न बतूताने वापरलेली पद्धत आपणही वापरून पाहू. 'रोजा' हा फारसी शब्द 'रोज', म्हणजे दिवस, यापासून आला. त्याचे अरबी नाव 'सौम'. अर्थ आवरून धरणे. आपल्या 'उपवास' शब्दात 'उप' म्हणजे जवळ आणि 'वस्' म्हणजे राहणे. म्हणून उपवास म्हणजे देवाच्या समीप राहणे, असा अर्थ आम्ही कीर्तनात सांगतो. एका शब्दात निग्रह आहे, दुसऱ्यात सान्निध्य. निग्रहावाचून सान्निध्य नाही, हे दोन्हीकडचे शास्त्र मान्य करील. 'ईद' या शब्दाचा संबंध परतून येण्याशी जोडतात: जी वर्षानुवर्षे फिरून येते ती ईद. आणि 'अक्षय' म्हणजे ज्याला क्षय नाही ते. ईदच्या नमाजापूर्वी 'फित्रा' नावाचे दान द्यावे लागते. हेतू हा की त्या दिवशी गरिबाचीही चूल पेटावी. अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावे उदककुंभ दान करतो, तो वैशाखातल्या तहानेल्यासाठी. दोन्ही आचार एकच आहेत, असे भोळेपणाने आम्ही म्हणणार नाही. रोजात दिवसभर पाण्याचा थेंबही वर्ज्य असतो; आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी चालते. भेद आहेतच, आणि ते माहीत असणे हाही ओळखीचाच भाग आहे.

एकदा कीर्तन संपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने अहिराणीत आम्हांस विचारले, "महाराज, ईद दरसाल मांगे काबरं सरकस?" प्रश्न साधा, पण वर्तमानातील अनेक तंटे ज्या गाठीभोवती फिरतात तिच्यावर नेमके बोट ठेवणारा होता.

चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात आणि सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असते. हे अकरा दिवसांचे अंतर आपले पंचांग साचू देते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून भरून काढते. म्हणून आपले सण आपापल्या ऋतूत राहतात. अरबांतही पूर्वी असा वाढीव महिना घालण्याची चाल होती. कुराणाच्या नवव्या अध्यायाने ती निषिद्ध ठरविली. म्हणून हिजरी वर्ष दर साली सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. रमजान कधी पौषातल्या लहान दिवसांत येतो, तर कधी वैशाखाच्या वणव्यात. कोणत्याही देशाच्या वाट्याला कायमचा सुखाचा रोजा येऊ नये आणि कायमचा कष्टाचाही येऊ नये, अशी समता त्यात आपोआप साधते.

आता दोन्ही पंचांगांचा चंद्र एकच असल्यामुळे, आपला अधिक मास मध्ये येईपर्यंत त्यांचे महिने जोडीने चालतात आणि अधिक मास येताच जोडी बदलते. २०२० सालच्या अधिक आश्विनानंतर ईदचा महिना आणि वैशाख यांची जोडी जमली. त्यामुळे २०२१ साली १४ मे, २०२२ साली ३ मे आणि २०२३ साली २२ एप्रिल, अशी सलग तीन वर्षे रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली. आखाजी हा खानदेशातील थोर सण. माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, सालदाराचे नवे साल सुरू होते. त्याच दिवशी पलीकडच्या आळीत शिरखुर्मा शिजत होता. त्यांतील पहिल्या वर्षी महासाथीच्या निर्बंधांमुळे नमाजही घरोघरीच झाला आणि आखाजीच्या भेटीगाठीही खुंटल्या.

त्याच जोडीमुळे २०२२ साली १० जुलैस आणि २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. २०२३ साली महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुसलमान बांधवांनी आषाढीच्या दिवशी कुर्बानी न करण्याचा निर्णय आपण होऊन घेतला. त्याच वर्षी अधिक श्रावणाने जोडी बदलली. मग २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले, आणि अनेक नगरांत मिलादचा जुलूस पुढे ढकलण्यात आला. पुढील दोन वर्षे हे सण एका दिवसाच्या अंतराने आले. रमजान ईद चैत्रात आली: २०२४ साली पाडव्यानंतर दोन दिवसांनी, २०२५ साली पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि होळी भर रमजानात आली.

येथे दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. २०२५ साली १४ मार्चला धुळवड आणि रमजानातील जुम्मा एकाच दिवशी आले, तेव्हा उत्तर प्रदेशातील संभल येथे मिरवणुकीच्या मार्गावरील मशिदी ताडपत्रीने झाकण्यात आल्या. रंगाचा थेंब भिंतीवर पडू नये, हा हेतू. तो सफळही झाला असेल. परंतु शेजाऱ्याचे देवघर झाकल्यावाचून आपला सण होत नाही, ही स्थिती कोणत्याही धर्माला भूषणावह नाही. दुसरे चित्र २०२३ च्या आषाढीचे. तेथे काहीही झाकले गेले नाही. एका समाजाने दुसऱ्याचे पंचांग उघडून पाहिले आणि स्वतःचा दिवस बदलला. पहिल्या उपायाने एक दिवस निभावतो. दुसऱ्याने पुढील वर्षासाठी एक आठवण मागे राहते. मात्र वाट देण्याचे काम दर वेळी एकाच बाजूने करावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. रमजानात सूर्यास्ताच्या वेळी मशिदीवरून जाणारे ढोलताशे दहा मिनिटे थांबले तर आपला देव कोपणार नाही, हे आम्ही कीर्तनाच्या गादीवरून सांगत आलो आहोत.

खानदेशास या गोष्टीची किंमत ठाऊक आहे. २०२३ सालच्या रमजानात, २८ मार्चला, जळगावजवळच्या पाळधी गावात सप्तशृंगीच्या वाटेवरील दिंडी आणि मशिदीतील नमाज यांची वेळ एक झाली, वाद पेटला आणि दगडफेक झाली. दिंडीत चालणारा अनवाणी होता आणि नमाज पढणारा उपाशी होता. दोघेही व्रतस्थ, आणि एकमेकांचे व्रत मात्र दोघांनाही अपरिचित. धुळे शहरात २००८ च्या ऑक्टोबरात दंगल झाली. पुन्हा २०१३ च्या ६ जानेवारीस खाण्याच्या बिलावरून झालेल्या वादातून दंगल उसळली आणि पोलीस गोळीबारात सहा तरुण प्राणास मुकले. बिलाचा वाद कोठेही होतो. ओळखीच्या माणसांत तो शिवीगाळीवर मिटतो. अनोळखी जमावांत तो गोळीपर्यंत जातो.

ओळखीची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. जळगावात १८७२ सालापासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. भिलपुरा भागात लालशा बाबांच्या समाधीपाशी तो थांबतो आणि तेथे पुष्पचादर वाहिली जाते. रथोत्सव सुरू करणारे अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ती खूण होय. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या स्मरणार्थ १९२७ साली स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जी मराठी पत्रे जमविली, तसल्या पेशवेकालीन पत्रांचा काळ पाहावा: 'छ' हे चंद्राच्या दिवसाचे चिन्ह, पुढे अंक आणि त्यापुढे रमजान, सवाल, मोहरम असे महिन्याचे नाव, अनेक पत्रांत जोडीला आपली तिथीही. पेशव्यांच्या दरबारातील ब्राह्मण कारकुनास आज रमजानचा कितवा चंद्र आहे, हे लेखणी उचलण्यापूर्वी माहीत असावे लागे. त्याचा धर्म त्यामुळे बुडाला नाही. आजही आपल्या घराघरांतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत 'चंद्रदर्शन' छापलेले असते आणि मुसलमानी महिन्याचा आरंभही. दोन्ही पंचांगे एका खिळ्याला टांगलेली आहेत. वाचली मात्र एकच जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शांतता समितीची पहिली बैठक सणाच्या आठवड्यात न घेता वर्षारंभी घ्यावी. तीत पंचांगकर्ते, हिलाल कमिटीचे जाणकार, मंडळांचे कार्यकर्ते, दिंड्यांचे चालक आणि मशिदींचे विश्वस्त बसावेत आणि वर्षभरातील संगमाचे दिवस आधीच लिहून काढावेत. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. तोही गृहीत धरावा. रमजानात सहरी व इफ्तारच्या वेळांचा तक्ता जसा मशिदीत लागतो तसा तो मंडळांच्या कार्यालयांत आणि देवळांच्या ओवऱ्यांतही लागावा. यात्रा, पालख्या आणि एकादशा यांची यादी मदरशात लागावी. पोलिसांच्या काठीने जे होत नाही, ते या दोन कागदांनी पुष्कळसे होईल.

आणि पुढचा संगम कोणता, हेही सांगून ठेवतो. २०२६ सालच्या अधिक ज्येष्ठाने जोडी पुन्हा बदलते. ईद फाल्गुनात सरकते आणि रमजान माघाबरोबर चालू लागतो. त्यामुळे २०२७ सालची महाशिवरात्र रमजानच्या अखेरच्या दिवसांत पडते. त्या दिवशी खानदेशातील शिवालयांत उपवास असेल आणि मशिदींत रोजा असेल. एकाच गावातील दोन्ही आळ्या एकाच दिवशी उपाशी राहतील.

इब्न बतूताने परतीच्या प्रवासात, १३४८ साली, प्लेगने ग्रासलेल्या दमास्कसमध्ये असाच एक उपवास पाहिला. नगराने तीन दिवस रोजे धरले आणि मग मुसलमान कुराण घेऊन, यहुदी आपला धर्मग्रंथ घेऊन आणि ख्रिस्ती बायबल घेऊन, बायकामुलांसह रडत रडत नगराबाहेर प्रार्थनेस गेले. त्या नगरीस एकत्र आणावयास मरणाची साथ यावी लागली. आपल्यापुढे तशी आपत्ती नाही. एक तिथी येणार आहे, आणि ती कोणत्या दिवशी येणार हेही आधीच ठाऊक आहे. त्या सायंकाळी रोजा सोडण्याच्या घटकेस शिवालयाच्या ओवरीतून खजूर आणि पाण्याचा तांब्या पलीकडे पाठविण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. ते पाठविणारे हात खानदेशात आहेत, असा आमचा विश्वास आहे. सर्वांस ईद मुबारक.